पाहुण्यांची कळशी

"वस्तीतील पाण्याच्या नमुन्यांमधला मूलभूत दोष सरांच्या शास्त्रीय नजरेने हेरला आणि कै. गांगुर्डेबाईंनी तो आपल्या स्वभावसुलभ नम्रतेने मान्य केला."

गांगुर्डेबाई, हे वाक्य तुमच्या शोकसभेत वाचले गेले. संस्थेच्या संचालकांनी ते छापील कागदावरून वाचले आणि तोच कागद दाराशी वाटला. त्यातले 'सर' म्हणजे मी. या वाक्यातील 'आणि' हा शब्द मला मान्य आहे. बाकी एकाही शब्दाला माझी संमती नाही. दोष माझ्या नजरेने हेरला नाही. तुम्ही तो मान्य केला नाहीत, कारण तो तुम्हीच दाखवला होता. तुमचा स्वभाव नम्र होता, असे जो म्हणतो त्याने तुमच्यासोबत वादाची एकही दुपार काढलेली नसावी. राहता राहिले ते 'कै.' तुमच्या मुलीने मजकूर पाठवताना, बौद्ध घरांत लिहितात तसे, 'कालकथित' असे स्पष्ट लिहिले होते. छापणाऱ्याने सवयीने तुम्हाला कैलासाला पाठवून दिले. तिकडे जाण्याचा तुमचा बेत कधीच नव्हता.

स्तुती झालेल्या माणसाने मान खाली घालून बसावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी उभा राहिलो. तेव्हा सभेला वाटले, म्हाताऱ्याला गहिवरून आले आहे. कोणीतरी माझ्या हाताला धरून मला पुन्हा खाली बसवले. म्हणून जे तिथे बोलायचे होते ते येथे लिहितो, आणि ते तुम्हालाच उद्देशून लिहितो. कारण या प्रकरणात माझ्याशी शेवटपर्यंत भांडण्याची पात्रता तुमच्याखेरीज कोणाचीच नव्हती.

प्रश्न केवळ एका वाक्याचा असता तर मी सोडून दिले असते. पण घरोघर जाऊन नमुने गोळा करणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी संस्था जी पुस्तिका काढते, तिची नवी आवृत्ती आता छपाईला जाते आहे. तिच्यातील एका प्रकरणाचे शीर्षक आहे 'सरांचा नियम'. नियम असा: पाहुण्याला दिलेले पाणी नमुना म्हणून घेऊ नये, घरची माणसे ज्या भांड्यातून पितात त्यातलेच मागावे. नियम उत्तम आहे. शीर्षक खोटे आहे. एकदा छापले की पुढची पिढी ते पाठ करील, आणि पाठ झालेली गोष्ट खोडून निघत नाही.

मी संचालकांना दूरध्वनी केला.

"सर, तुमचा विनय आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"विनय? माझा? तुम्ही कोणाशी बोलताय याची आधी खात्री करून घ्या."

"तसं नाही, सर. पण मी स्वतः तिथं होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंत?"

"तुम्ही कळशी परत पाठवलीत आणि घरातलं पाणी मागितलंत. बाई दारात उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत."

"आणि त्याच्या आधी?"

"आधीचं मला कसं माहीत असणार? मी नवीन होतो, जीपमधून बर्फाची पेटी उतरवत होतो." मग त्यांनीच विचारले, "सर, बाईंनी आधी सांगितलं होतं, असं लेखी काही आहे का? असेल तर शीर्षक आजच बदलतो."

बाई, मागणी योग्य होती. मीच त्यांना शिकवले होते की स्मरण हा पुरावा नव्हे.

आता जे घडले ते क्रमाने सांगतो. तुम्हाला ते ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक असल्याचा भ्रम आहे त्यांच्यासाठी सांगतो.

वस्ती सटाण्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत, कांद्याच्या शेतांमध्ये होती. तिचे नाव मी लिहीत नाही. तुम्ही तिथल्या लोकांना तसे वचन दिले होते आणि ते मलाही बांधील आहे, असे बजावून ठेवले होते. दर उन्हाळ्यात तिथे जुलाब आणि कावीळ येई. गंगापूर रोडवरच्या आपल्या कार्यालयात तेव्हा एक डॉक्टरांचे टेबल होते, एक समाजशास्त्रवाल्यांचे, आणि मागच्या खोलीत माझी पाण्याची प्रयोगशाळा. ही माणसे आजारी का पडतात, हा एकच प्रश्न आम्ही तिघे आपापल्या भाषेत विचारीत होतो आणि एकमेकांची भाषा समजत नाही याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. वस्तीत प्रत्यक्ष जाणाऱ्या तुम्ही एकट्या. सातपूरच्या कॉलनीतून पहिल्या बसने निघायचे, एसटीने सटाण्याच्या बाजूला जायचे, उंबऱ्यावर बसून डॉक्टरांचे प्रश्न विचारायचे, समाजशास्त्राचे रकाने भरायचे आणि माझी बाटली भरायची. तुमच्या नेमणूकपत्रावर 'क्षेत्र-अन्वेषक' असे लिहिले होते. "आमच्या कॉलनीत एवढं लांबलचक कोण म्हणणार, सर? सर्व्हेवाली बाई म्हणतात," असे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलेत.

अभ्यासाची आखणी माझी होती. माणूस विहिरीतून पीत नाही, भांड्यातून पितो. म्हणून नमुना घरातल्या भांड्यातून घ्यावा, हे माझे म्हणणे. ते मी आजही मागे घेत नाही. फक्त कोणत्या भांड्यातून, हे विचारायचे माझ्याकडून राहिले. एका घराला एक निर्जंतुक बाटली, हाही नियम माझाच. बाटल्या मोजून दिल्या जात. एकही जास्त नाही, कारण जास्तीची बाटली हाताशी असली की माणूस मनाजोगता नमुना निवडू लागतो, असे माझे मत होते.

पहिल्या दोन फेऱ्यांचे नमुने स्वच्छ निघाले. नुसते स्वच्छ नव्हेत, एकसारखे. घरे वेगळी, माणसे वेगळी, पाणी मात्र जणू एकाच भांड्यातले. कोणत्याही शहाण्या माणसाला येथे शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. इतके काटेकोर काम मी क्वचित पाहिले आहे, असे मी तुम्हाला सर्वांदेखत म्हणालो. डॉक्टरांनी अहवालाच्या मसुद्यात लिहिले की आजाराचे कारण पाण्यात नसून हात न धुण्यात असावे. म्हणजे दोष त्या लोकांचाच. तुम्ही ते वाचलेत आणि काही बोलला नाहीत. तुमचे न बोलणे ओळखण्याइतका मी तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हतो.

तिसऱ्या फेरीत जे झाले ते मी पाहिलेले नाही. तुम्ही मला ते इतक्या वेळा आणि इतक्या रागाने सांगितलेत की त्यातला शब्दही बदलण्याची मला भीती वाटते. एका घरात तुम्ही बाटली भरलीत. पितळी कळशी, घासून लखलखीत, वर ताटली झाकलेली, उजव्या अंगाला अंगठा बसेल एवढा पोचा. अर्ध्या तासाने चार घरे सोडून एका आजींकडे गेलात. तिथेही पितळी कळशी आली. ताटली तीच. पोचा तोच.

"आजी, ही कळशी मघाशी तिकडच्या घरी होती ना?"

"हा, होती. आते आठे शे."

"आणि पाणी कुठलं?"

"बोअरनं. तुम्हनासाठे आनेल शे."

नाल्यापलीकडच्या एका शेतकऱ्याची बोअर होती. तो वस्तीला रोज पाणी देत नसे. पाहुणा आला तर एक कळशी भरू देई. तुम्ही रस्त्यावर दिसलात की कोणीतरी कळशी घेऊन नाल्याकडे धावे, आणि मग ती मागच्या दारांनी या घरातून त्या घरात तुमच्या पुढे पुढे चालत राही. कोणी लपवाछपवी केली नव्हती. तुम्ही "पिता ते पाणी द्या" असे म्हणत होतात. पण दारात आलेल्या बाईला घरातले गढूळ पाणी देणे त्यांच्या हातून होण्यासारखे नव्हते. अख्ख्या वस्तीने दोन फेऱ्या आपल्याला तिचे सर्वांत चांगले पाणी दिले, आणि मी त्या बळावर ठरवले की तिला पाण्याचा त्रास नाही.

"मला पाहुणी करू नका, आजी. तुम्ही पिता ते द्या," तुम्ही म्हणालात.

आजींनी कोपऱ्यातल्या रांजणाकडे बोट केले. "पाव्हनासले हाई पानी कोनी देस का, बाई? आम्हले चालस."

"मलाही चालेल."

"हाई पानी नाशिकले लई जाशी? लोके काय म्हनतीन?"

"बाटलीवर नंबर घालीन, आजी. नाव नाही घालणार. वस्तीचंही नाही."

त्या घराची बाटली तर आधीच कळशीच्या पाण्याने भरलेली. दुसरी नव्हती, माझा नियम. तेव्हा तुम्ही पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढलीत, सातपूरहून भरून आणलेले पाणी अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतलेत, रांजणाच्या पाण्याने ती तीनदा विसळलीत आणि भरलीत. मग भर वैशाखात एसटीने नाशिकला, बाटली मांडीवर, घसा कोरडा. 'तीनदा विसळली होती, सर,' हे वाक्य पुढे मी किती वर्षे ऐकले!

ती बाटली तपासली गेली नाही.

जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीच लागते. माणसाने तोंड लावलेली बाटली तीनदा काय, तीसदा विसळली तरी तिच्यातले जंतू पाण्याचे की ओठांचे, हे सांगता येत नाही. हा नियम तेव्हा बरोबर होता, आज बरोबर आहे, आणि कोणी मला मध्यरात्री उठवून विचारले तरी मी तोच सांगेन. तुम्हीही तो कधी नाकारला नाहीत. तुमचे म्हणणे निराळे होते: "नियम बरोबरच आहे, सर. बाटली नाकारायची होती, नाकारलीत. पण मी जे सांगितलं ते का नाकारलंत? त्याला तर निर्जंतुक करावं लागत नव्हतं."

आपले खरे भांडण येथून सुरू झाले आणि ते तुमच्या मृत्यूपर्यंत मिटले नाही. तुमचे म्हणणे, मी टेबलाशी उभी राहून कळशीची सगळी गोष्ट त्याच दिवशी सांगितली. माझे म्हणणे, तुम्ही बाटली ठेवलीत, 'हे जादाचं पाणी आहे' एवढेच बोललात, कारण सांगितलेच नाहीत. सांगितले असते तर मी दुसऱ्या दिवशी निर्जंतुक बाटल्या देऊन तुम्हाला परत पाठवले असते. "मी सांगितलं." "नाही सांगितलंत." दोन शहाणी माणसे इतकी वर्षे इतक्या थोड्या शब्दांवर कशी भांडू शकतात, याचे लोकांना नवल वाटे. मला वाटत नसे. त्या थोड्या शब्दांत माझे सगळे होते. तुम्ही सांगितले नसेल तर मी नियम पाळणारा माणूस. सांगितले असेल तर मग मी कोण, याचा विचार करण्याची माझी तयारी नव्हती.

मधल्या दिवसांत वस्ती तेच पाणी पीत होती. तिथली दोन माणसे सटाण्याच्या दवाखान्यात दाखल झाली. दोघेही बरे होऊन परतले. ते परतले, ही गोष्ट मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मांडत नाही.

मग तुम्ही मला जीपमध्ये बसवलेत. 'देखरेखीसाठी सर येणार' असे कागदावर होते. प्रत्यक्षात तुम्ही डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन, सर येत नसतील तर मी राजीनामा देते, असे म्हणाला होतात, हे मला नंतर कळले. वाटेत कांद्याच्या गाड्यांमागे जीप अडकली तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "सर, कळशीला उजवीकडे पोचा आहे. अंगठा बसेल एवढा. मी काही बोलणार नाही. तुम्ही फक्त तो बघा."

पहिल्या घरात मी तो पाहिला. दुसऱ्या घरात माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. तुम्ही दारात उभ्या राहून बाहेर बघत होतात. तिसऱ्या घरात मी कळशी परत पाठवली आणि रांजणातले पाणी मागितले. संचालकांनी बर्फाची पेटी घेऊन आत पाऊल टाकले ते नेमके याच क्षणी. त्यांनी जे पाहिले ते शब्दशः खरे आहे. ते फक्त तिसऱ्या घरापासूनचे आहे.

रांजणातल्या पाण्याने त्यानंतर जे सांगायचे ते सांगितले. ज्या विहिरीवरून रांजण भरत तिच्यात मैला झिरपत होता. डॉक्टरांनी हात धुण्याचे वाक्य खोडले. पुढे विहीर बंद झाली आणि यथावकाश नळ आला. अंतिम अहवालात मी लिहिले: 'नमुने वापरातल्या भांड्यांतील नसल्याचे प्रयोगशाळेच्या लक्षात आले.' तुम्ही त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून कागद माझ्यापुढे ठेवलात.

"प्रयोगशाळेला डोळे कधी आले, सर?"

"अहवालात व्यक्तीचं नाव येत नसतं."

"मग आजींनी सांगितलं असं लिहा. त्यांचंही नाव लिहायचं नाही म्हणतात, चालेल. 'एका वृद्ध स्त्रीने' लिहा."

मी लिहिले नाही. त्या एका ओळीतून 'सरांची नजर' जन्माला आली, आणि आता तिचे प्रकरण झाले आहे. म्हणजे संचालकांवर मी जो आरोप ठेवतो आहे त्याचे बी माझ्याच हातचे आहे. हेही नोंदवून ठेवावे.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. अहवाल गेल्यावर मी तुम्हाला विचारले होते की पहिल्या दोन फेऱ्यांत तुमच्या लक्षात कसे आले नाही. इतकी तीक्ष्ण बाई, आणि कळशी ओळखायला तिसरी फेरी लागली? आपण कार्यालयाच्या पायऱ्यांवर होतो. तुम्ही चपला घालत होतात. तुम्ही म्हणालात, "माझी आई बाहेरगावी कामाला जायची, सर. तहान लागली तर ओंजळ धरायची. वरून ओतायचे. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. आणि इथं मला पितळी कळशी, वर ताटली, कळशी माझ्याच हातात देतात. म्हणतात, बाई, तुम्हीच घ्या. दोन फेऱ्या मी पाणी बघितलंच नाही. कळशी बघत होते."

यावर मी जे बोललो ते येथे लिहिणे भाग आहे. मी म्हणालो, "त्याचा नमुन्याशी काय संबंध?"

"हाच तर संबंध आहे," तुम्ही म्हणालात आणि पायऱ्या उतरून गेलात.

मी पाण्यात काय काय विरघळते ते आयुष्यभर मोजले. हे मोजण्याची पद्धत मला कोणी शिकवली नाही, आणि तुम्ही शिकवू पाहिलीत तेव्हा मी विषयांतर झाल्याची तक्रार केली. तिसऱ्या फेरीत तुम्ही जी कळशी परत केलीत ती तुमच्या दृष्टीने काय होती, हे ज्याला कळले नाही त्याच्या 'नजरे'चे प्रकरण छापले जाणार आहे.

निवृत्तीनंतर तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या घरी येत होतात. पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्हाला पाणी काचेच्या पेल्यात आले. आमच्या घरी आम्ही स्टीलच्या पेल्यातून पितो. पेला हातात फिरवत तुम्ही विचारलेत, "सर, पाहुण्यांचं की घरचं?"

"आमच्याकडे पाहुण्यांना काचेचा पेला देतात. सगळ्याच पाहुण्यांना."

"मी कुठं काय म्हणाले?"

मी खरेच सांगत होतो. तरी त्या पेल्याचा मला त्या दिवसापासून जो त्रास झाला तो खोटा नव्हता. दर भेटीला तुम्ही तोच प्रश्न विचारीत राहिलात आणि दर भेटीला मी तेच उत्तर देत राहिलो. पेला मात्र काचेचाच राहिला, कारण तो बदलणे म्हणजे तुमचा मुद्दा मान्य करणे. गेल्या संक्रांतीनंतर तुम्ही आलात, जिना चढून दमला होतात. मी स्वतः उठलो, रोजच्या पिंपातून रोजच्या पेल्यात पाणी आणले. तुम्ही पेला पाहिलात, प्रश्न विचारला नाहीत, आणि पाणी पूर्ण प्यायलात. तेवढ्या एका दिवशी आपण भांडलो नाही. मला ते थोडे चुकल्यासारखे वाटले.

शोकसभेत आपले जुने जीपचालक वामनराव भेटले. चहाचा कप हातात घेऊन ते चार जणांना सांगत होते, "बाईनं ते पानी सोता पिलं, तिला कावीळ झाली, तवा कुठं कळलं समद्यांला. लय सोसलं बाईनं."

मी म्हणालो, "वामनराव, बाईंना कावीळ झाली ती दोन वर्षांनी, इथं नाशकात. त्या पाण्याशी तिचा काही संबंध नाही. त्यांनी ते पाणी प्यायलं नाही, बाटलीत भरलं. त्यांनी सोसलं नाही, त्यांनी ओळखलं."

"मंग आसंल तसं," वामनराव म्हणाले. "पन लोकांला आसं सांगितलं की बरं वाटतं, सर."

बाई, दोन्ही कथा पाहा. एकीत तुम्ही नम्रपणे चूक मान्य करता, दुसरीत तुम्ही आजारी पडता. तुम्ही विचार केलात, हे कोणत्याच कथेत नाही. कळशी पाहून तिच्यामागचे दार, त्या दारामागचा नाला, आणि नाल्यापलीकडची मेहेरबानी ओळखणे याला संशोधन म्हणतात. अंगावर पांढरा डगला नसला की लोक त्याला माया म्हणतात, नाही तर त्याग. मी सातपूरला तुमच्या घरी गेलो तेव्हा तुमची मुलगी प्रज्ञा हेच निराळ्या शब्दांत बोलली. पाणी तिने स्टीलच्या पेल्यात दिले.

"आई घरी तुमच्याविषयी एकच सांगायची, सर. सरांना आज सांगितलं की तीन आठवड्यांनी ऐकू येतं."

"बाटलीपासून जीपपर्यंत एकोणीस दिवस," मी म्हणालो. "तीन आठवडे नव्हेत. तिला किती वेळा सांगितलं, मोजून बोलत जा."

प्रज्ञा हसली, मग हसता हसता तिला रडू आले. तुमच्याविषयी एकेरीत बोललो, हे माझ्या लक्षात जिना उतरताना आले. तुमच्या हयातीत तसे कधी घडले नव्हते. क्षमा मागत नाही; नोंद करून ठेवतो.

लेखी पुरावा हवा होता. गेल्या सोमवारी मी संस्थेच्या तळघरात गेलो. तिथे प्रयोगशाळेच्या जुन्या आवक-नोंदवह्या रद्दीत जाण्यासाठी बांधून ठेवल्या आहेत. माझा हेतू लपवत नाही: मला तुमचा दावा सिद्ध करायचा होता, पण मर्यादेत. बाटली तुम्ही आधी आणलीत एवढे त्या वहीत सापडावे, शीर्षक बदलावे, आणि तुम्ही कारण सांगितले नव्हते हा माझा मुद्दाही शाबूत राहावा. दोघांनाही न्याय मिळेल असे मला वाटत होते.

वही सापडली. तुम्ही बाटली आणून दिल्याचा दिवस आणि जीपमधून नमुने आल्याचा दिवस, दोन्ही तिच्यात आहेत. मधले दिवस मी तिथेच उभ्याने दोनदा मोजले. एकवीस भरतात. हा मुद्दा मी सोडतो.

त्या पानाची छायाप्रत मी संचालकांना पाठवली आहे आणि या लेखासोबतही जोडतो आहे. पुस्तिकेत कोणाचे नाव घालायचे, यावर यापुढे कोणी माझे मत विचारू नये. त्यांनी ती ओळ वाचावी. तुमच्या बाटलीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, असे लिहिले आहे: 'नमुना नाकारला. बाटली नियमबाह्य. आधीचे सर्व नमुने पाहुण्यांच्या एकाच कळशीतले असून घरचे पाणी निराळे आहे, असे बाईंचे म्हणणे.'

अक्षर माझे आहे, आणि खाली सहीही माझीच आहे.